पिनकोडाच्या पुढचा शून्य

अक्का,

दोन महिन्यांपूर्वी एक खोकं परत आलं, तिथपासून सुरुवात करते. खोक्यात पावडरीचे सहा डबे होते. काही मुलांच्या शरीराला साधं दूध, डाळ, अंडं यांतली प्रथिनं सोसत नाहीत. त्यांच्यासाठी ही पावडर असते आणि तिच्या जागी दुसरं काही देऊन भागत नाही. आमची कंपनी ती बनवत नाही, विकतही नाही. आम्ही इथे बंगळूरात बसून ते सॉफ्टवेअर चालवतो ज्यात आईवडील आपला पत्ता एकदा भरतात आणि मग दर महिन्याला खोकं त्यांच्या दारात पोचतं. हे खोकं अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका छोट्या गावी, चार वर्षांच्या एका मुलीकडे जायचं होतं. पहिल्या महिन्याचं नीट गेलं. दुसऱ्या महिन्याचं 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन गोदामात परत आलं. तिच्या आईनं तक्रारीत फार काही लिहिलं नव्हतं. घरात तीन दिवसांची पावडर उरली आहे, एवढंच.

मी लेबलचा फोटो मागवला. घराचा नंबर बरोबर, रस्ता बरोबर, गाव बरोबर. पिनकोड मात्र चार आकडी. तिकडे तो पाच आकडी असतो, आणि त्या कोपऱ्यातले सगळे पिन शून्यानं सुरू होतात. तो पहिला शून्य लेबलवर नव्हता. आईनं फॉर्ममध्ये तो लिहिला होता. पहिल्या खोक्याच्या ऑर्डरमध्ये तो दिसतही होता. मग तो गळला कुठे, हे शोधण्यात माझी सबंध सकाळ गेली. सापडलं तेव्हा मी जागेवरून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. कारण तो शून्य तुम्ही मला वीस वर्षांपूर्वी हातात धरून दाखवला होता.

इथल्याच के. आर. पुरम भागातल्या घरातली ती सकाळ मला अजून दिसते. लग्न होऊन पुण्याहून तुमच्या घरी आले त्याला जेमतेम चार महिने झालेत. घरात सगळे तुम्हाला अक्का म्हणतात, तुमचा मुलगासुद्धा, म्हणून मीही आई न म्हणता अक्काच म्हणू लागले आहे. साडेसहा वाजलेत. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून दोघींच्या डब्यांसाठी चित्रान्न करताय. मी पहिल्या आठवड्यात त्याला फोडणीचा भात म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही मागे न वळता म्हणाला होतात, "लिंबू पिळलंय त्यात, स्वल्प मान दे की त्याला." तुम्हाला सातची बस धरून देवनहळ्ळीला जायचंय, तिथल्या एका लहान पोस्टाच्या तुम्ही सब-पोस्टमास्तर आहात. मला दोन बस बदलून पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत जायचंय. तिथल्या शेडमध्ये बोल्ट, व्हॉल्व्ह, गेज असलं काहीबाही बनतं, आणि आमची सात माणसांची कंपनी त्या कारखान्यांना बिलं आणि पार्सलवरची लेबलं छापायचं सॉफ्टवेअर करून देते. पत्त्यांचा सगळा भाग माझ्याकडे आहे. त्याचं मला फार कौतुक आहे, आणि त्या सकाळी मी ते तुम्हाला सांगायला बसले आहे.

मी सांगितलं की माझ्या प्रोग्रॅममध्ये चुकीचा पिन टाकताच येत नाही. सहापेक्षा कमी-जास्त आकडे घातले, मध्ये जागा सोडली, तर तो तिथेच अडवतो. सहा आकडे असले तरी मी ते यादीशी ताडून बघते. यादीत नसला तर फॉर्म पुढे सरकतच नाही.

"सरकत नाही म्हणजे?" तुम्ही विचारलंत.

म्हटलं, म्हणजे आधी पिन दुरुस्त करायचा, मगच पुढे.

"आणि यादी कधीची?"

ते मला माहीत नव्हतं. आमच्या साहेबांनी कुठूनशी आणली होती. तुम्ही भात डब्यात भरलात, झाकण लावलंत आणि म्हणालात, "शनिवारी तुला सुट्टी आहे न्हवं? माझ्याबरोबर चल."

मला वाटलं होतं तुम्ही मला ऑफिस दाखवायला नेताय, सून दाखवायला नेताय. तेही होतंच. बसमधून उतरल्यावर वाटेत जो भेटेल त्याला तुम्ही कन्नडमध्ये सांगत होता की ही आमची सून, इंजिनीयर. तेव्हा तिकडे अजून द्राक्षांचे मांडव होते, विमानतळासाठी जमीन सपाट करायचं काम चालू होतं, आणि जिकडेतिकडे शेतांतून चुन्याच्या रेघा मारून, प्लॉट पाडून 'लेआउट', म्हणजे नव्या वसाहती, आखलेल्या होत्या. तुमचं पोस्ट म्हणजे भाड्याची दीड खोली. पुढे काउंटर, मागे लाकडी कप्पे, एक तराजू, एक पंखा. तुमच्याशिवाय तिथे फक्त पोस्टमन अण्णा होते, तुमच्याहून वयानं मोठे, कानावर पेन्सिल अडकवलेले. टपालाची पिशवी आली, त्यांनी टेबलावर ओतली, आणि तुम्ही मला शेजारी स्टूल दिलंत.

तुम्ही पत्ता खालून वर वाचत होता. आधी पिन, मग तालुका, मग गाव, सगळ्यात शेवटी नाव. बहुतेक पत्रं बघता बघता कप्प्यात जात होती. मध्येच एखाद्यावर तुमचा हात थांबे. एकाचा पिन दुसऱ्याच तालुक्याचा होता, पण गावाचं नाव तुमच्या हद्दीतलं. एकावर पिनच नव्हता, नुसतं 'पेरूच्या बागेमागे' असं लिहिलेलं. एकावर पहिले तीन आकडे, मग बोटभर जागा, मग उरलेले तीन. तुम्ही ते माझ्यासमोर धरलंत. "हे तुझं मशीन परत पाठवणार," तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं. अण्णांनी ते पत्र तुमच्या हातून काढून घेतलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. ते घर त्यांना माहीत होतं.

मी वाद घातला, तो मला आठवतो. मशीनजवळ अण्णा नसतात, म्हटलं. चुकीचा पत्ता आत घेतला तर पार्सल भलतीकडे जाईल, त्यापेक्षा दारातच अडवलेलं बरं. तुम्ही ऐकून घेतलंत. तुमचं सगळंच बरोबर आणि माझं सगळंच चूक असं नव्हतं, आणि तुम्ही तसं म्हणालाही नाहीत. चुकलेला पिन दिसला की सांगावं, नक्की सांगावं, असं तुमचं म्हणणं होतं. "पण सांगणं वेगळं आणि दार लावणं वेगळं. आम्ही पत्र आधी घेतो. मग विचार करतो. तू आधीच माणसाला खोटं ठरवतीस."

मग तुम्ही उठून एक परदेशी पाकीट आणलंत. गावातल्या कुणाची तरी मुलगी अमेरिकेत होती, तिनं आईला पाठवलेलं. मागच्या बाजूला तिचा स्वतःचा पत्ता होता आणि त्याच्या शेवटी पाच आकडे, पहिला शून्य. त्या शून्यावर तुम्ही बोट ठेवलंत. हा तुझ्या मशीनमध्ये कसा ठेवतीस, असं विचारलंत. मी जरा आढ्यतेनंच सांगितलं की पिन मी संख्या म्हणून साठवते, आणि संख्येच्या पुढच्या शून्याला काही किंमत नसते, मशीन तो ठेवत नाही.

"पिनची कधी बेरीज करतीस?"

नाही, म्हटलं.

"मग ती संख्या कशी गं? नाव आहे ते. आकड्यात लिहिलेलं नाव. पहिलं अक्षर खाल्लंस तर हाक कुणाला जाणार?"

मी म्हटलं की आमची सगळी गिऱ्हाइकं भारतातली आहेत, आणि भारतात शून्यानं सुरू होणारा पिन नाहीच. ते खरं होतं. तुम्ही मान हलवलीत. "आजच्या पुरतं बरोबर आहे तुझं," म्हणालात, आणि पाकीट कप्प्यात ठेवून दिलंत.

दुपारी मागच्या खोलीत आपण दोघी डबे उघडून बसलो तेव्हा तुम्ही नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगितलीत. घरात ती कुणालाच माहीत नव्हती. तुमच्या मुलाला मी पुढे विचारलं, त्यानंही ऐकलेली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तुम्ही एका दुसऱ्या पोस्टात होता. एक रजिस्टर पत्र आलं. पत्त्यातल्या गावाच्या नावाची दोन गावं होती, पिन तिसरीकडचाच होता. गर्दी होती. तुम्ही 'अपूर्ण पत्ता' असा शेरा मारून ते परत पाठवलंत. नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. आठवड्यानं एक मुलगी नऊ किलोमीटर चालत पोस्टात आली. तिला नर्सिंगच्या कोर्सला बोलावणं यायचं होतं, शेवटची तारीख होऊन गेली होती. तुम्ही रजिस्टर काढून बघितलंत आणि तिला खरं सांगितलंत, की आलं होतं, मी परत पाठवलं.

"ती मला काही बोलली नाही," तुम्ही म्हणालात. "पाणी मागितलं. प्याली. आणि गेली."

त्या दिवसापासून परत पाठवायचं पत्र तुम्ही एक दिवस ड्रॉवरमध्ये ठेवायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचात. वरच्या साहेबांकडून त्याबद्दल दोनदा बोलणी बसली होती. तुम्ही ऐकून घेतलीत आणि ड्रॉवर तसाच चालू ठेवलात. संध्याकाळी निघताना तुम्ही कपाटातून पिनकोडची ती जाड डिरेक्टरी काढून मला दिलीत. नवी आवृत्ती आली होती, ही तुमची जुनी. समासात जागोजागी तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. 'नवा लेआउट, लोक दोन्ही पिन लिहितात.' 'या नावाची दोन गावं, बापाचं नाव बघणे.' 'तळ्यापलीकडचं टपाल पावसात उशिरा.' मी ती बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावर कपाटावर ठेवली.

आता जे लिहायचंय ते अवघड आहे. सोमवारी मी पीण्याला आमच्या साहेबांना विचारलं. पिन संख्येऐवजी अक्षरांसारखा ठेवू, यादीत नसला तर इशारा देऊ पण अडवायचं नाही, असं मांडलं. ते म्हणाले, जे चालतंय त्याला हात लावू नको, आठवडाभरानं डिलिव्हरी आहे. मी फार ताणलं नाही. मधली जागा चालेल एवढा बदल केला, बाकी तसंच ठेवलं. महिन्याभरानं तुम्ही भाजी निवडता निवडता विचारलंत, केलंस का ते. आणि मी हो म्हटलं. सगळं केलं, म्हटलं. शून्यसुद्धा.

तुम्ही "सरी" म्हणालात, म्हणजे 'बरं', इतकंच. पण दुसऱ्या दिवशी देवनहळ्ळीहून येताना तुम्ही एक मोठं पपनस आणलंत. तू केलंस ते अण्णांना सांगितलं, म्हणालात, त्यांनी बागेतून आणून दिलं. तुम्ही जमिनीवर बसून त्याची जाड साल काढलीत, एकेक फोड सोलून माझ्या ताटलीत ठेवलीत, आणि मी त्या सगळ्या खाल्ल्या. तेव्हाच सांगता आलं असतं. पुढेही आलं असतं. अजून आठ वर्षं तुम्ही होता. शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला तुम्ही कन्नडमध्ये सांगत होता की माझ्या सुनेच्या मशीनमध्ये पुढचा शून्य गळत नाही. ती बिचारी काही न कळून हसली. मी पलंगाच्या पायाशी उभी होते आणि तुमची चादर सारखी करत होते.

नंतर पीण्याची ती कंपनी मोठ्या कंपनीनं विकत घेतली. आम्ही माणसं गेलो तसं आमचं सॉफ्टवेअरही गेलं. त्याचं नाव बदललं, रंग बदलला, मशीनं बदलली, वर नवं कितीतरी चढलं. तळाशी पत्ते साठवायचा जो तक्ता होता तो मात्र कुणी हलवला नाही, कारण तो चालत होता. या वर्षी आम्ही पहिल्यांदा परदेशातले पत्ते घ्यायला लागलो. नव्या ऑर्डरचा पत्ता नव्या जागी जातो, तिथे शून्य राहतो. दर महिन्याच्या खोक्याचा पत्ता मात्र त्या जुन्या तक्त्यातून येतो. त्यात पिनचा रकाना संख्येचा आहे. तो कुणी केला हेही तिथे लिहिलेलं असतं, अक्का. माझंच नाव होतं, लग्नानंतरचं, तुमच्या घरचं आडनाव लावलेलं.

त्या दुपारी जिन्यातून परत येऊन मी आधी गोदामाला फोन केला आणि नवं खोकं हातानं पत्ता लिहून, सगळ्यात जलद जाईल असं पाठवायला लावलं. ते पोचायला चार दिवस लागले. मधला एक दिवस त्या आईनं कसा काढला ते नंतर कळलं: तीन तास गाडी चालवून ती दुसऱ्या एका कुटुंबाकडे गेली, ज्यांच्या मुलाला तीच पावडर लागते, आणि एक डबा मागून आणला. मुलीला काही झालं नाही. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, तुम्ही वाचताना तिथेच अडकला असता.

आमच्या प्रॉडक्टचा मॅनेजर मुंबईचा आहे, मराठी, वयानं माझ्याहून लहान आणि माणूस चांगला. त्यानं दुसऱ्या दिवशी उपाय काढला. लेबल छापताना पिन चार आकडी दिसला तर पुढे एक शून्य लावायचा. अर्ध्या दिवसाचं काम. पुढच्या महिन्यात आणखी दोन देश सुरू करायचेत, तारखा ठरल्यात, वर सांगून झालंय. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, का नाही, या देशाचे सगळे पिन पाच आकडी आहेत ना? म्हटलं, या देशाचे आहेत. पुढच्या देशात पिनमध्ये अक्षरं आहेत, ती संख्येच्या रकान्यात बसणारच नाहीत. त्याच्या पुढच्यात काही भागांना पिनच नाही, आणि आपला फॉर्म पिनशिवाय माणसाला पुढे जाऊ देत नाही. तिथली आई काय करेल? खोटा पिन लिहील.

"मॅडम, आत्ता जे मोडलंय ते दुरुस्त करू. बाकीचं नंतर बघू."

"नंतर बघू असं मी वीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं," मी म्हणाले. "हा रकाना माझा आहे. मी दुरुस्त करणार आणि पूर्ण करणार. तोवर नवे देश सुरू करायचे नाहीत."

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला की हे वर तुम्हीच सांगा. मी सांगितलं. सगळ्या टीमसमोर, पडद्यावर तो तक्ता दाखवून सांगितलं की ही चूक अपघाताची नाही. हा धोका मला तेव्हाच दाखवून दिला होता, उदाहरणासकट, आणि मी बदल केला असं खोटं सांगून तो तसाच सोडला होता.  बाहेर पडताना मॅनेजर हळूच म्हणाला की एवढं सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती. मला होती.

काम सात आठवडे चाललं. पिन आता अक्षरांसारखा ठेवतो. माणसानं जसा लिहिला तसाच, जागेसकट, एका रकान्यात. त्याला कुणी हात लावत नाही. मशीनला जुळवाजुळव करायला लागते तेवढ्यापुरती साफ केलेली प्रत शेजारी. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, आणि नियमात बसला नाही तर फॉर्म विचारतो की हे बरोबर आहे ना? माणूस हो म्हणाला तर पत्ता आत येतो आणि आमच्यापैकी एकजण तो वाचतो. तसे पत्ते आम्ही एक दिवस बाजूला ठेवतो. हा नियम मी घातला तेव्हा एकानं विचारलं की एक दिवस का, तासभर का नाही? म्हटलं, दुसऱ्या दिवशी डोळे वेगळे असतात. 

सगळ्यात जास्त वेळ जुन्या नोंदींना लागला. जिथे देश माहीत होता तिथे शून्य परत लावता आला. पण काही नोंदींत देशच नव्हता, काहींत पिन आणि गाव जुळत नव्हतं. अंदाजानं भरून टाका असं सुचवलं गेलं. मी अंदाज करू दिला नाही. मी आणि टीममधल्या दोघी, आम्ही रोज दुपारी दोन तास बसून एकेका घरी फोन केला. त्यातला एक फोन देवनहळ्ळीजवळच्या एका नव्या लेआउटमधला निघाला. एक वयस्कर बाई होत्या, नवऱ्याच्या आजारासाठी आमच्या फॉर्मवरून तसलीच एक पावडर मागवणाऱ्या. माझं कन्नड तुमच्या कृपेनं चालण्यापुरतं आहे. मी विचारलं, तुमचा पिन शेजारच्या गावाचा कसा? त्या म्हणाल्या, आमचा खरा पिन तुमच्या यादीत नाही, तो घातला की तांबडी रेघ येते. म्हणून तुमच्या मशीनला चालतो तो लिहिते. मग खोकं त्या गावात जातं, तिथून माणूस फोन करतो, आणि मी रिक्षा करून जाऊन घेऊन येते.

"किती दिवस असं करताय?" मी विचारलं.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तुमचं काही चुकत असेल असं मला वाटलंच नाही. मला वाटलं आम्हीच चुकीच्या जागी घर बांधलं."

मी त्यांचा खरा पिन त्यांच्याच तोंडून पुन्हा दोनदा वदवून घेतला आणि तिथल्या तिथे भरला. पुढच्या महिन्यात त्यांचं खोकं त्यांच्या दारात गेलं. मी त्या दिवशी ट्रॅकिंग उघडून बसले होते, 'पोचलं' असं येईपर्यंत. त्या अमेरिकेतल्या मुलीचीही तेव्हापासून दोन खोकी वेळेवर गेलीत. नवे दोन देश महिनाभर उशिरा सुरू झाले, आणि त्यानं आभाळ कोसळलं नाही. आता मॅनेजरच नव्या माणसांना सांगतो की पिन म्हणजे संख्या नव्हे. तो ते स्वतःचं असल्यासारखं सांगतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

माझं काम अजून संपलेलं नाही. नावांच्या रकान्यातही आम्ही असेच माणसांना अडवतो. एकच नाव असलेल्याला आडनाव मागतो, मिळालं नाही की तांबडी रेघ ओढतो. ते पुढचं घेतलंय. त्यालाही विरोध होईल. होऊ दे. मी आता पंचेचाळीस वर्षांची आहे, आणि कुणी 'नंतर बघू' म्हटलं की खुर्ची ओढून तिथेच बसते.

हे मी वहीत लिहितेय, रविवारची दुपार आहे, तुमचा मुलगा बाहेर गेलाय. त्याला दाखवणार नाही. लिहून झालं की पानं वहीतच राहतील. फक्त एक सांगायचं राहिलं. वर लिहिलं ना, की मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. ते सगळं नव्हतं. शेवटी एका मुलीनं विचारलं होतं की मॅडम, तेव्हा तुम्हाला हे दाखवून दिलं ते कुणी? खोलीत वीसेक माणसं होती, वरचे दोन साहेब होते. सासूबाईंनी, असं म्हटलं तर हसतील, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, पोस्टात काम करणाऱ्या एक बाई होत्या. ओळखीच्या होत्या, म्हटलं.